वेदीपासून बावखलापर्यंत

एखाद्या ख्रिस्ती मंडळीचे नूतनीकरण झाले असे म्हणताना बहुधा देवळाचा जीर्णोद्धार, नवे वाद्यवृंद किंवा सभासदसंख्येतील वाढ यांकडे बोट दाखवले जाते. परंतु एका श्रद्धेने एकत्र येऊन उपासना करणाऱ्या आणि परस्परांच्या सुखदुःखाचा भार वाहणाऱ्या लोकसमूहाला मंडळी म्हणायचे, तर तिच्या नूतनीकरणाची कसोटी इतकी सोपी राहत नाही. मंडळीच्या जीवनाची तीन अंगे परंपरेने मानली गेली आहेत : देवाची उपासना, येशूच्या शिकवणुकीची साक्ष देण्याचे ध्येय आणि भोवतालच्या समाजाची सेवा. ही तीन कामे तीन स्वतंत्र समित्यांकडे सोपवून मोकळे होण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते आणि तिच्यामुळे तिन्ही कामे कोरडी पडतात. लोक ज्या बोलीत रडतात-हसतात त्या बोलीत उपासना आली आणि गावाची चिंता त्या उपासनेत शिरली, तेव्हाच मंडळी खऱ्या अर्थाने जागी झाली, असे मराठी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात दिसते. वसईच्या कॅथॉलिक समाजाने गेल्या साठ वर्षांत केलेली वाटचाल हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. मात्र त्या वाटचालीची पूर्वपीठिका गोव्यात आणि अहमदनगरमध्ये आहे.

ख्रिस्ती भक्ती मराठीतून व्यक्त करण्याचा प्रयत्न आधुनिक काळातला नाही. १५७९ मध्ये गोव्यात आलेले इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांनी ओवी छंदात रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूरच्या छापखान्यातून रोमन लिपीत प्रसिद्ध झाले आणि दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ देवळांतून भाविकांसमोर वाचला-गायला जाऊ लागला. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने देशी भाषांवर बंधने घातली आणि ही परंपरा राजाश्रयाला मुकली. तरी घराघरांत, मंगलोरपर्यंत पोहोचलेल्या स्थलांतरितांतही, ‘क्रिस्तपुराणा’चे पठण चालू राहिले. सत्तेने बंद केलेली भक्ती लोकांनी ओसरीवर जिवंत ठेवली, ही गोष्ट मंडळीच्या जीवनाविषयी बरेच काही सांगून जाते.

प्रॉटेस्टंट पंथाच्या मराठी मंडळ्यांची गोष्ट वेगळी होती. १८१३ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या अमेरिकन मराठी मिशनने १८३१ पासून अहमदनगरमध्ये ठाण मांडले, शाळा काढल्या, १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू केले आणि १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यातील महार व मांग समाजांतील अनेक कुटुंबे या मंडळ्यांत आली. रविवारच्या उपासनेत मात्र इंग्रजी गीतांची भाषांतरे इंग्रजी चालींवर म्हटली जात, ज्यांत मराठी शब्दांचे आघात चालीच्या ओढाताणीत मोडून पडत. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या नगरच्या ख्रिस्ती कीर्तनकारांनी टाळ-मृदंगाच्या साथीने येशूचे चरित्र कीर्तनरूपाने सांगण्यास प्रारंभ केला तो या पार्श्वभूमीवर, आणि त्या प्रवाहाला मोठ्या कवीचे बळ मिळाले ते नारायण वामन टिळक यांच्यामुळे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी अभंग, ओवी आणि पद या रचनाप्रकारांत शेकडो ख्रिस्ती गीते लिहिली, जी ‘उपासना संगीत’ या संग्रहातून आजही मराठी मंडळ्यांत गायली जातात. नगरच्या खेड्यात पेटी, तबला आणि झांजा घेऊन बसलेली मंडळी टिळकांचे पद म्हणते तेव्हा पुस्तक न उघडताही तिला ते येत असते. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही उपासनेत पूर्ण वाटा मिळाला, हे त्या गीतांचे मोठेच कार्य मानले पाहिजे.

टिळकांची दृष्टी गीतांपुरती थांबली नाही. १९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या नोकरीतून मुक्त होऊन ‘देवाचा दरबार’ या नावाने ख्रिस्ताच्या अनुयायांचा असा समूह उभारण्याचा संकल्प केला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही बंधुभावाने सामील होऊ शकतील आणि जो परकीय द्रव्यावर व परकीय वळणावर विसंबून राहणार नाही. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले आणि हा प्रयोग रुजण्यापूर्वीच विखुरला. त्यांच्या गीतांना मंडळीने हृदयाशी धरले, परंतु मंडळीने आपली चौकट मोडून समाजात मिसळावे ही त्यांची मागणी तिला झेपली नाही. उपासना बदलली आणि कुंपण तसेच राहिले, ही मराठी प्रॉटेस्टंट इतिहासातील खंत आहे. लक्ष्मीबाई टिळकांनी पतीचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पुरे केले, पण दरबार पुरा करणे हे एका व्यक्तीचे काम नव्हते.

वसईकडे वळताना तेथील समाजाची घडण समजून घ्यावी लागते. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली आणि सत्ता बदलल्यानंतरही येथील ख्रिस्ती समाज आपल्या गावांत, आपल्या शेतीवर आणि आपल्या मराठी बोलींसह टिकून राहिला. सामवेदी, वाडवळ आणि कोळी हे या समाजाचे प्रमुख घटक असून केळी, पानवेली, फुले, भाजीपाला आणि मासेमारी हा त्यांच्या जीवनाचा पाया होता. अनेक शतके त्यांची मिस्सा, म्हणजे भाकर व द्राक्षारस अर्पण करून येशूच्या बलिदानाचे स्मरण करण्याचा कॅथॉलिकांचा मुख्य उपासनाविधी, लॅटिन भाषेत होत असे. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून उभे राहत आणि भाविक त्या वेळी बहुधा आपापली रोजरीची माळ जपत. श्रद्धा गाढ होती यात शंका नाही, तथापि विधीत लोकांचा आवाज फारच थोडा होता. समाजसेवेची परंपराही जुनी होती : सावकारी कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांसाठी १९१८ मध्ये स्थापन झालेली पतसंस्था पुढे बसीन कॅथॉलिक सहकारी बँक म्हणून वाढली, धर्मग्रामांनी मराठी शाळा चालवल्या, आणि कार्डिनल ग्रेशिअस यांच्या नावाचे रुग्णालय सर्व धर्मांच्या रुग्णांच्या उपयोगी पडत आले. धर्मग्राम म्हणजे एका देवळाभोवतीच्या गावांचा व वाड्यांचा मिळून झालेला घटक, आणि अशा अनेक धर्मग्रामांचा मिळून बिशपांच्या अधिकाराखालील धर्मप्रांत होतो.

या समाजात मूलभूत बदल घडवणारी प्रेरणा रोमहून आली. पोप तेविसावे जॉन यांनी बोलावलेली दुसरी व्हॅटिकन परिषद ऑक्टोबर १९६२ ते डिसेंबर १९६५ या काळात भरली आणि जगभरच्या बिशपांनी सोळा दस्तऐवज संमत केले. ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजाने भाविकांचा उपासनेतील सहभाग पूर्ण, जाणता आणि सक्रिय असावा हे तत्त्व मांडून लोकभाषेला वाट मोकळी केली. १९६५ च्या शेवटी संमत झालेल्या आधुनिक जगाविषयीच्या दस्तऐवजाने माणसांची, विशेषतः गरिबांची, सुखदुःखे हीच ख्रिस्तानुयायांची सुखदुःखे असल्याचे प्रतिपादन केले. हे दोन दस्तऐवज सहसा वेगवेगळे अभ्यासले जातात आणि त्यामुळे परिषदेचा गाभाच हातून निसटतो, कारण वेदीवरील आणि वेदीबाहेरील जीवन एकच असल्याचा विश्वास दोन्हींच्या मुळाशी आहे.

वसईत हा विश्वास प्रत्यक्षात उतरला तो मराठी मिस्सेतून. धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभे राहू लागले, बायबलमधील वाचने गावातील स्त्री-पुरुष करू लागले, आणि प्रवचनानंतर ‘श्रद्धावंतांच्या प्रार्थना’ हा प्राचीन काळी असलेला व मध्यंतरी लोपलेला भाग परत आला. या भागाकडे थोडे बारकाईने पाहणे अगत्याचे आहे. गावातला एखादा तरुण किंवा एखादी गृहिणी पुढे येऊन ध्वनिक्षेपकासमोर उभी राहते आणि हातातल्या कागदावरून चार-पाच विनंत्या वाचते : धर्मसभेसाठी (जगभरच्या कॅथॉलिक चर्चसाठी), राज्यकर्त्यांसाठी, आजाऱ्यांसाठी, मृतांसाठी; आणि प्रत्येक विनंतीनंतर सारी मंडळी एका सुरात प्रतिसाद देते. कागदावरच्या विनंत्यांचा क्रम ठरलेला असला तरी त्यांतील मजकूर त्या त्या गावाने लिहायचा असतो आणि म्हणून रिकाम्या होत चाललेल्या विहिरी, नोकरी नसलेली मुले, दारूने उद्ध्वस्त होणारी घरे यांचा उल्लेख शेकडो लोकांच्या साक्षीने वेदीसमोर होऊ शकतो. ज्या दुःखाचा उच्चार देवासमोर सर्वांनी मिळून केला, त्याकडे सोमवारी पाठ फिरवणे अवघड जाते. संपूर्ण मिस्सेत मोजून काही मिनिटे घेणारा हा भाग मंडळीच्या सार्वजनिक विवेकाची शाळा ठरला, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

भाषेबरोबर प्रतीकांचाही प्रश्न उपस्थित झाला. १९६९ मध्ये भारतीय बिशपांच्या विनंतीवरून रोमने उपासनेतील बारा बदलांना मान्यता दिली. त्यांत पादत्राणे काढून जमिनीवर बसणे, गुडघे टेकण्याऐवजी हात जोडून नमन, मेणबत्तीच्या जागी समई आणि आरती यांचा समावेश होता. देशभरातील अनेक कॅथॉलिकांनी हे बदल परके म्हणून नाकारले, तर काही हिंदूंना त्यांत धर्मांतराची युक्ती दिसली. दोन्ही आक्षेपांमागील भीती खरी होती आणि तिची दखल न घेता वरून लादलेले बदल अनेक ठिकाणी टिकले नाहीत. जेथे ते रुजले तेथे आधी ओळख वाढली होती. पुढे वसईचे पहिले बिशप झालेले थॉमस डाबरे यांनी तुकारामांच्या ईश्वरानुभवावर पीएच.डी.साठी संशोधन केले होते, ही बाब या दृष्टीने लक्षणीय आहे. शेजाऱ्याच्या भक्तीचा आदराने केलेला अभ्यास हा समई लावण्याच्या आधीचा टप्पा आहे.

उपासनेच्या या बदलाला वाचनाची जोड मिळाली ती ‘सुवार्ता’ मासिकाने. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या १९८३ ते २००७ या संपादनकाळात वसईतून निघणाऱ्या या मासिकाने धर्मशिक्षणाच्या जोडीला साहित्य, समाजकारण, पर्यावरण आणि आंतरधर्मीय संवाद हे विषय हाताळले, ख्रिस्तेतर लेखकांना मानाने लिहिते केले आणि वसईच्या ख्रिस्ती माणसाला आपण मराठी सांस्कृतिक जीवनाचे पूर्ण वारसदार आहोत हा आत्मविश्वास दिला. दिब्रिटो यांनी बायबलचे ‘सुबोध बायबल’ या नावाने केलेले मराठी रूप साहित्य अकादमीच्या पुरस्काराने गौरवले गेले आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला भरलेल्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवणारे ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू ठरले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले तेव्हा शोक करणाऱ्यांत सर्व धर्मांचे लोक होते, आणि त्यामागे पुरस्कारांपेक्षा एक चळवळ अधिक कारणीभूत होती.

ती चळवळ म्हणजे हरित वसई. १९८० च्या दशकाच्या अखेरीस राज्य शासनाने वसईच्या हरितपट्ट्यातील विस्तीर्ण क्षेत्र बांधकामासाठी खुले केले आणि मुंबईच्या वाढत्या लोकसंख्येसाठी इमारतींची रांग लागली. या बांधकामांना आणि नव्या वसाहतींना पाणी हवे होते. ते शेतांतील विहिरींमधून पंपांनी उपसून टँकरने वाहून नेले जाऊ लागले. वसईचा पश्चिम पट्टा समुद्रालगतचा असल्याने भूजलाचा उपसा प्रमाणाबाहेर झाला की गोड्या पाण्याचा दाब कमी होऊन खारे पाणी आत सरकते आणि एकदा विहीर मचूळ झाली की केळी व पानवेल दोन्ही हातचे जातात. जमीन व पाण्याच्या या व्यवहाराला दहशतीचीही साथ असल्याने सामान्य शेतकऱ्याला एकट्याने तोंड उघडणे शक्य नव्हते. अशा वेळी दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढाकार घेतलेल्या हरित वसई संरक्षण समितीने लोकांना संघटित केले, १९८९ मध्ये हजारो स्त्री-पुरुष रस्त्यावर उतरले, आणि या लढ्यात ख्रिस्ती, हिंदू व मुस्लीम शेतकरी खांद्याला खांदा लावून उभे राहिले.

धर्मगुरूंनी मोर्च्यात उतरावे काय, हा प्रश्न तेव्हा मंडळीतही विचारला गेला. देऊळ हे प्रार्थनेचे स्थान असून राजकारणाने ते विटाळू नये, असे मानणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांच्या भूमिकेत मात्र एक उणीव होती : ज्या भाकरीवर आणि द्राक्षारसावर मिस्सेचा आशीर्वाद मागितला जातो, ती भूमीची देणगी आणि मानवी श्रमाचे फळ आहे असे प्रत्येक मिस्सेत म्हटले जाते. अर्पणाच्या वेळी केळीचा घड आणि मळ्यातील भाजी वेदीपर्यंत वाजतगाजत आणणाऱ्या मंडळीला तो मळा नष्ट होताना तटस्थ राहता येणार नव्हते. पोप फ्रान्सिस यांनी सृष्टीच्या रक्षणाविषयीचे ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक २०१५ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा वसईच्या शेतकऱ्यांनी तो विचार पाव शतक आधी जगून दाखवला होता, याची नोंद अभिमानाने घेतली पाहिजे.

चळवळीने सारे काही वाचवले असे मात्र म्हणता येत नाही. १९९० मध्ये सिडको या राज्य शासनाच्या नगरनियोजन महामंडळाकडे नियोजन गेले, २००९ मध्ये गावांच्या विरोधाला न जुमानता वसई-विरार महानगरपालिका अस्तित्वात आली आणि २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या वर गेली. वसईत बावखल नावाचे गोड्या पाण्याचे छोटे तळे वाडीवाडीत असे; पावसाळ्यात ते काठोकाठ भरे, भोवतीच्या विहिरींना पाझर देई, त्याच्यावर लावलेल्या रहाटाने आणि नंतर पंपाने बागा भिजत. जमिनीचा भाव वाढला तशी अनेक बावखले भराव टाकून बुजवण्यात आली, आणि जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसई-विरार कित्येक दिवस पाण्याखाली राहिले तेव्हा पावसाला जिरायला उरलेली जागा किती थोडी आहे हे सर्वांना कळून चुकले. हा भराव टाकण्यासाठी जमिनी विकणाऱ्यांत ख्रिस्ती कुटुंबेही होती. मंडळीने बाहेरच्या अन्यायाविरुद्ध जितक्या धैर्याने आवाज उठवला, तितक्या धैर्याने आपल्याच सभासदांच्या व्यवहाराकडे पाहिले काय, हा प्रश्न तिला टाळता येणार नाही. अलीकडे स्थानिक तरुणांनी उरलेल्या बावखलांची सफाई हाती घेतली आहे, ज्यात घोषणांपेक्षा गाळ उपसण्याला महत्त्व आहे, आणि म्हणूनच ती आश्वासक आहे.

२२ मे १९९८ रोजी मुंबईपासून वेगळा करून वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला. त्यानंतर संघटनेचा भर लहान ख्रिस्ती समूहांवर राहिला आहे. या पद्धतीत एका वाडीतील किंवा इमारतीतील शेजारी कुटुंबे ठरावीक दिवशी एखाद्या घरी जमतात, बायबलचा उतारा वाचतात, त्यावर आपल्या अनुभवातून बोलतात आणि शेजारच्या आजारी, एकाकी वा अडचणीतील माणसासाठी काय करायचे ते ठरवतात. १९९० मध्ये बांडुंग येथे भरलेल्या आशियाई बिशपांच्या परिषदेने धर्मसभेचे वर्णन समूहांचा समूह असे केले होते, त्याला अनुसरून ही रचना आहे. जेथे ती केवळ आणखी एक जपमाळ म्हणण्याची बैठक झाली तेथे ती थंडावली. जेथे प्रापंचिकांना, म्हणजे धर्मगुरू नसलेल्या सामान्य सभासदांना, खरोखर निर्णय घेऊ दिले गेले तेथे मंडळीचा भार वाहणारे नवे खांदे मिळाले, आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे असते हे कोणत्याही धर्मग्रामात दिसून येते.

नूतनीकरणाचा सर्वांत अवघड भाग अद्याप पुढे आहे. सामवेदी, वाडवळ, कोळी आणि आदिवासी ही ओळख देवळातल्या एकाच बाकावर बसूनही पुसली गेलेली नाही आणि विवाह जुळवताना ती हमखास वर येते. आजच्या पालघर जिल्ह्यातील वारली आदिवासींचे तालुकेही याच धर्मप्रांतात येत असल्याने तेथील गरीब मंडळ्या आणि किनाऱ्यावरील सुस्थित मंडळ्या यांच्यातील अंतर हा सेवेचा नव्हे, बरोबरीचा विषय आहे. नगर आणि मराठवाड्यातील प्रॉटेस्टंट मंडळ्यांपुढे हाच प्रश्न अधिक तीव्र रूपात उभा आहे, कारण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्या दलितांना मिळत नाहीत आणि त्यांच्या हक्कासाठी बोलणे हे त्या मंडळ्यांच्या उपासनेइतकेच मूलभूत काम आहे. १९७० मध्ये नागपूर येथे सहा प्रॉटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. ऐक्याच्या त्या निर्णयाला जातीच्या ऐक्याची जोड मिळणे बाकी आहे.

वसईत आणखी एक उलटापालट झाली आहे. मराठी मिस्सेसाठी ज्यांच्या आईवडिलांनी नवी गीते पाठ केली, त्यांची मुले इंग्रजी माध्यमात शिकून मराठी वाचताना अडखळतात, तर वसई रोड आणि नालासोपाऱ्याच्या इमारतींत राहायला आलेल्या गोव्याच्या, मंगलोरच्या, केरळच्या आणि तमिळनाडूच्या ख्रिस्ती कुटुंबांना आपापल्या भाषेतील उपासना हवी असते. भूमिपुत्रांच्या मराठीचा हक्क आणि नवागतांच्या भाषेचा हक्क हे दोन्ही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या एकाच तत्त्वातून निघतात, आणि एका देवळाच्या रविवारच्या वेळापत्रकात दोघांना जागा करून देताना कोणती मिस्सा सकाळी साडेसहाला आणि कोणती आठला ठेवायची, कोणत्या भाषेतील मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग कोणत्या खोलीत भरवायचा, हे धर्मग्रामाच्या सल्लागार मंडळाला दरवर्षी नव्याने ठरवावे लागते.